दोन फेरफार, एक उतारा

नवी लागलेली एक मुलगी दुपारी लॅपटॉप उचलून थेट माझ्या टेबलापाशी आली. “सर, तुमच्या धड्यात लिहिलंय अगदी तसंच केलं. पण हे भलतंच काहीतरी उघडलंय आणि बंदच होत नाहीये.”

पडद्यावर ‘व्हीआय’ हा जुना एडिटर उघडलेला होता. वर यंत्रानेच लिहिलेली एक ओळ, खाली टिल्डच्या चिन्हांची उतरंड. व्हीआयमध्ये शिरायला काही लागत नाही, बाहेर पडायला मात्र मंत्र लागतो: आधी एस्केप, मग अपूर्णविराम, मग डब्ल्यू आणि क्यू. तो तिला कोणी दिलाच नव्हता. तिने सरळ खिडकी बंद केली होती. पुन्हा आज्ञा दिली तेव्हा गिट, म्हणजे फायलींतले बदल सांभाळणारा प्रोग्राम, म्हणालं, आधीचा मर्ज अर्धवट आहे, तो पुरा करा. पुरा करायला गेली तर तोच एडिटर पुन्हा हजर, आणि या वेळी वर एक धमकीवजा सूचना: ही फाईल आधीच कोणीतरी उघडून ठेवली आहे. ते ‘कोणीतरी’ म्हणजे ती स्वतःच, दहा मिनिटांपूर्वीची.

धडा माझाच होता. त्यात लिहिलं होतं की आज्ञा द्या, एंटर दाबा, मर्ज होईल. एडिटरचा उल्लेखच नव्हता, कारण मला तो कधी दिसलाच नव्हता. संध्याकाळी शोधाशोध केली तेव्हा कारण सापडलं. कित्येक वर्षांपूर्वी कुठल्या तरी घाईत मी माझ्या मशीनवर ‘मर्जच्या वेळी एडिटर उघडू नकोस’ अशी एक सेटिंग बसवली होती आणि विसरून गेलो होतो. मी माझ्या घरचं दार उघडं ठेवून लोकांना सांगत होतो की दाराला कडी नसते.

या प्रकरणात तो धडा दुरुस्त करायचा आहे.

मागच्या प्रकरणात आपण मूळ कामापासून वेगळी ब्रँच काढली. आता ती परत मूळ कामात मिसळायची. याला हिंजवडीत कोणी ‘विलीनीकरण’ म्हणत नाही. “मर्ज मारला का?” असंच विचारतात. मलाही तेच बरं वाटतं. विलीनीकरण म्हटलं की आमच्या भागात लोकांना महापालिका आठवते. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, तेव्हापासून हा शब्द नुसता उच्चारला तरी चहाच्या टपरीवर घरपट्टीवरून वाद सुरू होतो. गिटचा मर्ज त्या मानाने गरीब. नको असेल तर तो मागे घेता येतो.

मी चांदे गावात राहतो, तेव्हा उदाहरण गावातलंच घेऊ. समजा, पाणी सोडण्याचं वेळापत्रक एका फायलीत आहे. पहिली ओळ: मोटर सकाळी ६ ते ९ चालेल. खाली आळीवार पाळ्या, दहा-बारा ओळींच्या. ही फाईल दोघांनी आपापल्या मशीनवर घेतली. एकाने विजेचं गणित बघून पहिली ओळ ‘५ ते ८’ केली. दुसऱ्याने पहिल्या ओळीला हात लावला नाही, खाली कुठेतरी एक शब्द सुधारला. आता दोन प्रती समोर ठेवल्या तर एकीत ‘५ ते ८’ आहे, दुसरीत ‘६ ते ९’. खरी कोणती? नुसत्या दोन प्रतींवरून हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण तिसरी प्रत, म्हणजे दोघांनी जिथून सुरुवात केली ती मूळ फाईल, हाताशी असेल तर उत्तर सोपं आहे. मुळात ‘६ ते ९’ होतं, म्हणजे दुसऱ्याने तिथे काही केलेलंच नाही. बदल पहिल्याचा, तोच घ्यायचा. गिट नेमकं हेच करतं. दोन ब्रँचचा सामाईक पूर्वज शोधतं आणि तीन प्रती शेजारी मांडून हिशेब करतं.

दुसऱ्यानेही तीच ओळ बदलून ‘साडेसहा ते साडेनऊ’ केली असती तर मात्र यंत्राने हात वर केले असते. यालाच कॉन्फ्लिक्ट म्हणतात. गिट फाईल अर्धवट सोडतं आणि भांडणाच्या जागी खुणा करतं: सात ‘पेक्षा लहान’ चिन्हं, मग तुमची ओळ, मग सात ‘बरोबर’ची चिन्हं, मग समोरच्याची ओळ, शेवटी सात ‘पेक्षा मोठा’ चिन्हं. बहुतेक धडे इथे खूप रेंगाळतात. कॉन्फ्लिक्ट दिसतो, त्रास देतो, म्हणून त्याबद्दल लिहावंसं वाटतं. माझ्या मते तो मर्जचा सज्जन चेहरा आहे. निदान तो थांबवून विचारतो तरी.

खरी मेख न थांबणाऱ्या मर्जमध्ये आहे. त्याच फायलीत दुसऱ्या माणसाने अगदी शेवटी एक नवी ओळ घातली असं समजा: शाळेची टाकी साडेआठला भरावी. त्याच्या प्रतीत मोटर ९ पर्यंत चालू आहे, त्यामुळे त्याचं काहीच चुकलेलं नाही. पहिल्याने मोटर ८ ला बंद केली, त्याचंही चुकलेलं नाही. बदल दोन वेगवेगळ्या ओळींत, मध्ये दहा ओळींचं अंतर. गिट दोन्ही आनंदाने घेतं, एकही खूण न करता मर्ज झाल्याचं सांगतं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेची टाकी कोरडी.

हे उदाहरण मी आमच्या तात्यांना सांगितलं. तात्या माझे धाकटे चुलते. संगणकाशी त्यांचा संबंध ऑनलाइन उतारा काढण्यापुरता, पण जमिनीच्या कागदांत उभं आयुष्य गेलेलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे फेरफारच की रे.”

फेरफारच. जमिनीत कोणाचा हक्क आला-गेला की सात-बारावर परस्पर नाव चढत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक पडून नोंद होते. ज्यांचा संबंध पोचतो त्यांना नोटीस जाते. कोणी हरकत घेतली तर प्रकरण नमुना ६-अ मध्ये, तक्रारींच्या नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच उतारा बदलतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्या १५० व्या कलमात हे सगळं बसवलेलं आहे. आणि जुनं नाव खरवडून काढत नाहीत. पूर्वी त्याला कंस करत, २०२० च्या नव्या नमुन्यात त्यावर आडवी रेघ येते. नाव वाचता येतंच. गिटमध्येही एकदा नोंदवलेलं सहसा पुसलं जात नाही. प्रत्येक कमिट, म्हणजे नोंदवून ठेवलेला बदल, हा एक फेरफार, फाईल हा आजचा उतारा, आणि कॉन्फ्लिक्ट म्हणजे नमुना ६-अ.

तात्यांनी पुढचा प्रश्न विचारला तिथे मात्र माझी दांडी गुल झाली. “तुमच्यात नोटीस कुणाला जाते?”

“कुणालाच नाही, तात्या. दोघांचा हात एकाच ओळीवर पडला तरच यंत्र बोलतं.”

“मग शाळेच्या मास्तरांना कसं कळायचं?”

कळत नाहीच. फेरफाराला हितसंबंधित माणूस दिसतो, गिटला फक्त ओळी दिसतात. आणि माझा धडा हा त्या मास्तरांसारखाच नोटीस न मिळालेला हितसंबंधित होता. आज्ञेचा प्रोग्राम एका फायलीत, धडा दुसऱ्या फायलीत. एकाने आज्ञेचं वागणं बदललं, दुसऱ्याने त्याच आठवड्यात जुन्या वागण्यावर सुंदर धडा लिहिला. दोन्ही ब्रँच मर्ज केल्या तर गिटला आक्षेप घ्यायला जागाच नाही. मर्ज स्वच्छ होतो आणि धडा खोटा ठरतो. मर्जवरचा धडा मर्जमुळेच शिळा व्हावा आणि खुद्द मर्जला त्याचा पत्ता नसावा!

गिटच्या स्वतःच्या धड्याचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. लिनस टोरव्हाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं. लिनक्स कर्नलचा गिटवरचा पहिला मर्ज त्याच महिन्याच्या १७ तारखेचा. काही आठवड्यांत त्याने धडाही लिहिला. सुरुवातीच्या काळात त्यात ब्रँच मिसळायची आज्ञा ‘गिट रिझॉल्व्ह’ अशी होती: पुढे ‘हेड’, मग ब्रँचचं नाव, शेवटी अवतरणात संदेश. मग ‘रिझॉल्व्ह’च्या जागी ‘मर्ज’ आलं आणि क्रम उलटला. संदेश आधी, मग हेड, मग ब्रँच. नवशिक्यांसाठी २००६ मध्ये वेगळा सोपा धडा तयार झाला, त्यात तिसरीच रीत. स्वतःच्याच रेपोतून पुल करायचं, ‘गिट पुल’, मग एक टिंब, मग ब्रँचचं नाव. टिंब म्हणजे ‘इथेच’. दाराबाहेर जाऊन आपल्याच घराची बेल वाजवण्याचा हा प्रकार. फेब्रुवारी २००७ च्या १.५.० आवृत्तीत आज आपण लिहितो ते सरळ रूप आलं: गिट मर्ज, पुढे ब्रँच. तेव्हा धड्यातलं ते टिंब गेलं. पण संदेश-आधीची जुनी रीत यंत्राने लगेच टाकली नाही. लोकांच्या जुन्या स्क्रिप्ट मोडू नयेत म्हणून ती पुढे दहाएक वर्षं चालू ठेवली. म्हणजे जुना धडा वाचून काम करणाऱ्याचं काम होतच होतं, आणि म्हणून आपला धडा शिळा आहे हे त्याला कळतही नव्हतं. चालणारी चूक सापडायला सगळ्यांत अवघड.

त्यानंतरचे बदल भराभर सांगतो. मर्ज सोडून द्यायचा ‘अबॉर्ट’ हा पर्याय २०११ च्या सुरुवातीला आला. त्याआधीचे धडे इथे ‘रिसेट हार्ड’ शिकवत, त्यात हातचं कामही जायचं. २०१६ मध्ये २.९ आवृत्तीने सामाईक पूर्वजच नसलेले दोन इतिहास मिसळायला नकार द्यायला सुरुवात केली. २०२० नंतर बहुतेक ठिकाणी मुख्य ब्रँचचं नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ झालं, आणि एका रात्रीत जगातले असंख्य धडे पहिल्याच आज्ञेला अडखळले. नोव्हेंबर २०२१ मध्ये २.३४ ने मर्जचं इंजिनच बदललं. ‘रिकर्सिव्ह’ जाऊन एलायजा न्यूरेनने लिहिलेलं ‘ऑर्ट’ आलं. वापरणाऱ्याला काही करावं लागत नाही, फक्त शेवटी जी एक ओळ छापून येते तिच्यातला शब्द बदलला. पण नवशिका तीच ओळ धड्याशी ताडून बघत असतो. शब्द जुळला नाही की त्याच्या पोटात गोळा येतो.

आणि तो एडिटर. तो एप्रिल २०१२ च्या १.७.१० आवृत्तीने आणला. तोवर मर्ज झाला की गिट स्वतःच ठराविक एक ओळीचा संदेश लिहून मोकळं व्हायचं. लोक ऊठसूट मर्ज करत आणि का केला ते कुठेच नसे. लिनस आणि २००५ च्या जुलैपासून गिट सांभाळणारा जुनिओ हमानो, दोघांनाही हे खटकत होतं. कारण लिहायची जागा समोर उघडली तर माणूस निदान क्षणभर थांबेल, असा त्यामागचा विचार. ज्यांच्या स्क्रिप्ट यामुळे अडकतील त्यांच्यासाठी एक पळवाटही ठेवली. मी माझ्या मशीनवर बसवली होती ती हीच.

इथे थोडं पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावर जाऊन येऊ. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि ती पुरी झाली १९६६ मध्ये. वापरलेली हस्तलिखितं १२५९. माझ्या माहितीतला हा महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा मर्ज, आणि तोही सामाईक पूर्वज हाताशी नसताना! मूळ प्रत कोणी पाहिलेली नाही. वि. स. सुकथनकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले. त्यांनी धरलेलं मुख्य सूत्र असं की उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची परंपरा एकमेकींपासून स्वतंत्र वाढली असेल आणि तरीही एका पाठावर दोघी एकमत असतील, तर तो पाठ जुना. जिथे एकमत नाही तिथे संपादकाने निवड करायची. पण निवड केली की भांडण मिटलं असं त्यांनी दाखवलं नाही. ज्या शब्दाबद्दल पुरती खात्री नाही त्याखाली नागमोडी रेघ ओढली आणि नाकारलेले पाठ तळटीपांत जपले. १९३३ चं आदिपर्व उघडलं की पानोपानी ही रेघ भेटते. संपादक सांगतो आहे की इथे मी ठरवलं आहे, पोथ्यांनी नाही.

गिटच्या त्या सात-सात चिन्हांचं नशीब इतकं चांगलं नाही. कॉन्फ्लिक्ट सोडवला की ती पुसायची असतात, आणि पुसली की भांडणाची खूण फायलीत उरत नाही. नागमोडी रेघ ओढायला गिटने एकच जागा ठेवली आहे, तो एडिटर. त्या मुलीला अडवलं ते त्याने, आणि मी वर्षानुवर्षं वाटेतून दूर केला होता तोही तोच. मी धड्यातून काही किरकोळ गाळलं नव्हतं, गाभाच गाळला होता.

म्हणून नवा धडा उलट्या बाजूने लिहिला. आधी माझ्या मशीनवरची ती सेटिंग काढली. मग एक कोरी मशीन घेतली आणि प्रत्येक आज्ञा तिच्यावर चालवून, जे दिसलं तेच लिहिलं. पहिल्याच प्रयत्नात एडिटर उघडलाच नाही! कारण उदाहरण मी फार साधं घेतलं होतं. ब्रँच काढल्यानंतर मुख्य ब्रँच जागची हललीच नव्हती, त्यामुळे मिसळण्यासारखं काही नव्हतं. गिटने फक्त मुख्य ब्रँचची खूण पुढे सरकवली. याला ‘फास्ट फॉरवर्ड’ म्हणतात. यात नवा कमिट तयार होत नाही, म्हणून संदेश विचारायचाही प्रश्न येत नाही. वर्गात निम्म्या मुलांना एडिटर दिसतो आणि निम्म्यांना नाही, याचं कोडं बहुधा इथेच असतं. म्हणून नव्या धड्यात दोन्ही ब्रँचवर मुद्दाम एकेक कमिट करायला लावला आहे. एडिटर उघडेल हे आधी सांगितलं आहे, बाहेर पडायचा मंत्र दिला आहे, आणि त्या जागेत काय लिहायचं याचा नमुनाही. ‘पाण्याची ब्रँच मिसळली’ हे गिटला न सांगताही माहीत असतं. ‘मोटरची वेळ तासाने अलीकडे आली, म्हणून टाकीची वेळ साडेसात केली’ हे लिहायचं.

हा धडा पुन्हा शिळा होणारच. त्यावर उपाय आहेत, रामबाण एकही नाही. गिटच्या प्रकल्पात बदल पाठवणाऱ्याला सांगितलेलं असतं की वागणं बदललंत तर दस्तऐवजही त्याच खेपेत बदला. निराळ्या ब्रँचवर, निराळ्या दिवशी नको. तात्यांच्या नोटिशीच्या जवळ जाणारी हीच एक रीत. दुसरी युक्ती मला जास्त आवडते. २००५ मध्येच जोहानेस शिंडेलिनने धड्यातल्या आज्ञांची चाचणी बनवली होती. प्रोग्राम तपासताना धडाही चालवून बघायचा, निकाल जुळला नाही की चाचणी नापास. पायथॉन भाषेतलं ‘डॉकटेस्ट’ हेच करतं. पण हे लिखित धड्याला जमतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात अशी साधनं दृकश्राव्य धड्यांतून शिकवतात, मराठीसकट अनेक भारतीय भाषांत. तिथे एक आज्ञा बदलली तर चित्रण आलं आणि प्रत्येक भाषेतला आवाजही आला. त्यांचे धडे सुरुवातीलाच सांगतात की कुठली यंत्रणा, कुठली आवृत्ती वापरली आहे. मला आधी तो पाल्हाळ वाटायचा. आता माझ्या धड्याचीही पहिली ओळ तीच आहे.

छापील पुस्तकाला तर यातला कुठलाच उपाय लागू नाही. हे प्रकरण २.३४ नंतरच्या गिटला धरून लिहिलं आहे. आज्ञा चालवण्याआधी तुमच्या गिटला त्याची आवृत्ती विचारा, आणि जे दिसेल ते इथल्या मजकुराशी जुळलं नाही तर पडद्यावर विश्वास ठेवा. चुकलेली ओळ मात्र खरवडू नका. तिच्यावर आडवी रेघ मारा, समासात नवी ओळ लिहा आणि खाली तारीख घाला.